मुलाचा होकार, पालकांची संमती

प्रश्न एका ताईंचा आहे. त्या मुलांच्या रुग्णालयात संशोधन समन्वयक आहेत आणि पालकांना द्यायच्या इंग्रजी अर्जांचे मराठी करतात. ‘कन्सेंट’साठी त्यांनी संमती लिहिले, ते सगळ्यांना पटले. ‘असेंट’पाशी, म्हणजे मुलाने स्वतः द्यायच्या मान्यतेपाशी, मतभेद झाले. कुणी अनुमती सुचवले, कुणी सहमती, कुणी बालसंमती. पुढे तातडीच्या उपचारांवरच्या एका अभ्यासात ‘डिफर्ड कन्सेंट’ आले, म्हणजे उपचार आधी देऊन मागाहून घेतलेले कन्सेंट. तिथे त्यांनी ‘विलंबित संमती’ लिहिले. कच्चा अर्ज वाचून एका आईने विचारले, “विलंब म्हणजे? आमच्याकडून उशीर झाला का?” या दोन्ही जागी कोणता शब्द वापरावा, असे त्या विचारतात.

पहिल्याचे उत्तर मी लगेच देतो: असेंट म्हणजे होकार. दुसऱ्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही, आणि ते एका शब्दात देण्याच्या प्रयत्नातच गफलत होते असे मला वाटते.

अनुमती सुचवणाऱ्याची बाजू आधी मांडतो, कारण घडण पाहिली तर ती सूचना चुकीची नाही. इंग्रजीतले दोन्ही शब्द लॅटिनच्या एकाच क्रियापदावरून आले. त्याचा अर्थ वाटणे, जाणवणे. एकाला ‘बरोबर’ अर्थाचा उपसर्ग, दुसऱ्याला ‘कडे’ अर्थाचा. आपल्याकडेही मन् धातूवरून सम् लावून संमती आणि अनु लावून अनुमती. ‘अनु’ म्हणजे मागून. पालकांच्या संमतीच्या मागून येते ती मुलाची अनुमती, असे म्हणता आले असते. पण शब्दाला मूळ असते तशी रीतही असते. मराठीत अनुमती वरून खाली येते. अध्यक्षांच्या अनुमतीने सभेचे कामकाज सुरू होते, गुरूंची अनुमती घेऊन शिष्य निघतो. नऊ वर्षांच्या, सलाइन लावलेल्या मुलाने डॉक्टरांना अनुमती द्यायची, हे वाक्य व्याकरणाला चालेल, कानाला चालणार नाही. त्या मुलाला तर ते कळणारच नाही, आणि अर्ज त्याच्यासाठी आहे.

सहमतीचा अडसर वेगळा. मत जुळले की सहमती होते. दोन पक्षांत, दोन तज्ज्ञांत ती होऊ शकते. मुलाला मत जुळवायला आपण सांगत नाही. “तुझ्या हातातून एकदा जास्तीचे रक्त घेऊ का?” एवढेच विचारतो. ‘बालसंमती’ तर मी मुळीच वापरणार नाही. संमती आणि वय हे शब्द मराठीत एकत्र आले की १८९१ चा संमतिवयाचा कायदा आठवतो. मुलींच्या संमतीचे वय दहावरून बारा करणाऱ्या त्या कायद्यावरून टिळक आणि सुधारक यांच्यात मोठे रण माजले होते. ती छाया आजही त्या जोडशब्दांवर आहे. आजाऱ्याच्या खाटेशी ती कशाला आणायची?

आता होकार. ‘कार’ हा शब्द आपण एखाद्या ध्वनीच्या उच्चाराला लावतो: ओंकार, हुंकार, नकार. होकार म्हणजे ‘हो’ हा उच्चार. तो कुणीतरी करावा लागतो, मनातल्या मनात होत नाही. असेंटची जी व्याख्या अमेरिकेच्या मुलांविषयीच्या संशोधन-नियमांत १९८३ पासून आहे, तिचा गाभा नेमका हाच आहे. तिथे म्हटले आहे की मुलाने सहभागाला स्पष्टपणे मान्यता दिली तर ते असेंट. त्याने नुसता विरोध केला नाही, एवढ्यावरून असेंट मिळाले असे धरता येणार नाही.

हे वाचताना मला आपले ‘मौनं संमतिलक्षणम्’ आठवते. आपल्या संस्कृतीने मौनाला संमतीचे लक्षण मानले, आणि मूकसंमती हा शब्दही रूढ केला. म्हणजे संमती मूक असू शकते. ‘मूकहोकार’ मात्र कुणी म्हणत नाही, म्हणवतही नाही. मुलांच्या बाबतीत नियमाला जो फरक हवा आहे, तो मराठीने या दोन शब्दांत आधीच करून ठेवलेला आहे. घाबरलेले मूल गप्प असते. आई सांगेल ते ऐकायचे, डॉक्टरकाकांपुढे रडायचे नाही, हे त्याला शिकवलेले असते. त्याच्या गप्प राहण्याला संमती म्हणणारे भेटतील, होकार म्हणणारा भेटणार नाही. बोलता न येणारे मूल मान हलवून किंवा हात पुढे करून होकार देऊ शकते. उच्चार नसला तरी काहीतरी करून ते सांगते.

होकाराचा जवळचा भाऊ हुंकार. गोष्ट सांगताना मूल ‘हं… हं…’ करते, तो हुंकार. त्याचा अर्थ ‘ऐकतोय, पुढे सांगा’ एवढाच. अर्ज वाचून दाखवताना पालकही असाच हुंकार भरतात. “हो डॉक्टर, हो, बरं.” एका संस्थेच्या नीतिसमितीवर, म्हणजे संशोधन नीतीला धरून आहे का हे तपासणाऱ्या समितीवर, मी काही वर्षे बिगरवैद्यकीय सदस्य म्हणून बसलो. मराठी अर्ज तपासण्याचे काम माझ्याकडे असे. त्या काळात मी समन्वयकांना हेच सांगत आलो, की ऐकलेला ‘हो’ हुंकार आहे की होकार, हे वाचणाऱ्याने ओळखावे. मध्येच थांबून “आता मला सांगा, तुम्हाला काय समजलं?” असे विचारले की लगेच कळते.

होकारावर एक आक्षेप येतो: तो लग्नाचा शब्द आहे, मुलीकडून होकार आला वगैरे. खरे आहे. पण तिथेही होकाराची वाट पाहावी लागते, आणि नकार येऊ शकतो हे दोन्ही बाजूंना मान्य असते. मला तर हा त्या शब्दाचा गुणच वाटतो. शिवाय होकार-नकार ही जोडी मुलाला ठाऊक असते. आपल्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून तोंडी आणि बारा ते अठरा वर्षांच्या मुलांकडून लेखी असेंट घ्यायचे असते. मुलाच्या नकाराचा मान राखावा, असेही त्यात आहे. ‘तोंडी होकार’, ‘लेखी होकार’, ‘मुलाचा नकार’ असे तिन्ही प्रयोग सहज जमतात. ‘मौखिक अनुमती’च्या विरुद्ध काय लिहाल?

रुकार हा जुना शब्दही एकाने सुचवला होता. मला तो आवडतो, पण आजच्या मुलांच्या कानावरून तो गेलेला नसतो.

पालकांच्या बाजूला खरे तर आणखी एक बारकावा आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९९५ मध्ये भूमिका घेतली की कन्सेंट स्वतःपुरतेच देता येते, दुसऱ्याच्या वतीने नाही. म्हणून पालक देतात ती परवानगी आणि मूल देते ते असेंट. मराठी कानालाही हे पटते. मती माझी, तर संमती माझ्यापुरती. लेकराच्या अंगाला सुई टोचायची तर मी परवानगी देऊ शकतो. पण आपल्याकडच्या नियमांत आणि अर्जांत पालकांसाठी संमती हाच शब्द बसला आहे. कायद्याच्या कागदावर एकट्याने शब्द बदलू नये. तिथे संमतीच ठेवा. फक्त ‘संमतिपत्र’ लिहिताना ‘ति’ ऱ्हस्व असू द्या, आणि ‘सन्मती’ तर चुकूनही नको. तो सद्बुद्धीचा शब्द आहे, आणि एका छापील अर्जावर मी तो पाहिला आहे.

याच अर्जांत अठराखालच्या मुलाला ‘अज्ञान’ म्हणण्याचीही पद्धत आहे. सातबाऱ्यावरचे ‘अ.पा.क.’ अनेकांनी पाहिले असेल, त्यातला ‘अ’ याच अज्ञानाचा. जमिनीच्या व्यवहाराला तो ठीक आहे. पण ज्या पानावर आपण मुलाला समजावून सांगून त्याचे उत्तर मागतो, त्याच पानावर त्याला अज्ञान म्हणणे मला सहन होत नाही. तेरा वर्षांची, दम्याने वर्षातून चार वेळा दाखल होणारी मुलगी स्वतःच्या श्वासाविषयी आपल्या सर्वांहून अधिक जाणते. ‘अठरा वर्षांखालील’ लिहिले की काम भागते.

आता ‘डिफर्ड कन्सेंट’. आधी गोष्ट काय आहे ते पाहू. मूल झटके येत असताना तातडीच्या विभागात येते. पहिल्या औषधाने झटका थांबला नाही, तर दुसरे द्यायला हातात काही मिनिटे असतात. ब्रिटनमधल्या तीस रुग्णालयांत अशा मुलांना लेव्हेटिरासेटम द्यावे की फेनिटॉइन, हे तपासणारा अभ्यास झाला आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही औषधे वापरातली होती, सरस कोणते हे ठाऊक नव्हते. अर्ज वाचून सही घेईपर्यंत थांबले असते तर मुलाचे नुकसान झाले असते. म्हणून औषध आधी दिले आणि पालकांशी बोलणे मूल स्थिरावल्यावर केले. तिथल्या कायद्याने अशा आणीबाणीतल्या अभ्यासांसाठी प्रौढांच्या बाबतीत २००६ मध्ये आणि मुलांच्या बाबतीत २००८ मध्ये ही वाट खुली केली होती.

‘विलंबित’मध्ये दोष येतो. विलंब शुल्क, विलंबाबद्दल दिलगिरी. त्या आईने विचारले ते भाषेच्या दृष्टीने अगदी बरोबर होते. ‘स्थगित’ म्हटले तर संमती होती आणि थांबवली, असे वाटते. सरकारी मराठीत एक तयार शब्द आहे, ‘कार्योत्तर’. खर्च आधी झाला, मंजुरी मागाहून घेतली, ती कार्योत्तर मंजुरी. त्यावरून ‘कार्योत्तर संमती’ हा शब्द मला बरेच दिवस मोहात पाडत होता. मग लक्षात आले की कार्योत्तर मंजुरीने झालेले काम नियमात बसते. इथे पालकांनी नंतर काहीही सांगितले तरी दिलेले औषध परत घेता येत नाही, आणि ते देणे योग्य होते की नाही हे त्यांच्या सहीने ठरतही नाही. ते ठरवण्याची जबाबदारी नीतिसमितीने आधीच उचललेली असते. पालकांच्या हातात दोनच गोष्टी उरतात: मुलाने अभ्यासात पुढे राहायचे का, आणि त्याची माहिती वापरू द्यायची का.

ब्रिटनमध्ये ज्यांनी अशा पालकांशी बोलून मार्गदर्शन तयार केले, त्यांनीही डिफर्ड कन्सेंट हा शब्द बाजूला ठेवून ‘पूर्वसंमतीविना संशोधन’ या अर्थाचा शब्दप्रयोग धरला. मला तो प्रामाणिक वाटतो. म्हणून माझे उत्तर दोन शब्दप्रयोगांत आहे. पद्धतीला नाव ‘पूर्वसंमतीविना संशोधन’, आणि नंतर पालकांकडून जी घ्यायची ती ‘पुढील सहभागाची संमती’. लांब आहे, हे मान्य. पण यात पालकांवर उशिराचा ठपका येत नाही, आणि संमती आधी घेतली नव्हती हेही लपत नाही.

या संदर्भात आफ्रिकेतला एक अभ्यास सांगायलाच हवा, कारण तिथे ‘असेंट’ हा शब्द मोठ्यांसाठी वापरला गेला. केनिया, युगांडा आणि टांझानियात तीव्र ताप आणि रक्ताभिसरण मंदावलेल्या ३,१४१ मुलांवर तो झाला. प्रश्न असा होता: आल्याबरोबर शिरेतून भरभर द्रव द्यावा का? श्रीमंत देशांत तसा प्रघात होता. पालकांपैकी ज्यांच्याशी लगेच सविस्तर बोलणे शक्य नव्हते, त्यांच्याकडून आधी तोंडी असेंट घेतले आणि लेखी संमती नंतर. २०११ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा जग हादरले. भरभर द्रव दिलेल्या दोन गटांत ४८ तासांत सुमारे साडेदहा टक्के मुले गेली होती, न दिलेल्या गटात ७.३ टक्के. जे चांगले म्हणून श्रीमंत देशांत करत होते, ते तिथल्या मुलांना घातक ठरत होते, आणि हा अभ्यास झाला नसता तर ते कळले नसते.

या अभ्यासाचे मराठी करायचे झाले तर अनुमती, सहमती, बालसंमती तिन्ही अडतात. होकार अडत नाही. ‘आधी तोंडी होकार घेतला, लेखी संमती नंतर.’ दारातून मूल घेऊन धावत आलेल्या बापाने दिलेला ‘हो’ आणि मूल शुद्धीवर आल्यावर कागद वाचून केलेली सही, यांतला फरक या दोन शब्दांत पुरेपूर येतो.

ताईंनी शेवटी अर्जाचा नमुनाही मागितला होता. मी सुचवलेली वाक्ये अशी. सात ते बारा वर्षांच्या मुलासाठी: “आम्ही एक गोष्ट शोधून काढतो आहोत. त्यासाठी तुझी मदत हवी आहे. तू हो म्हणू शकतोस, नाही म्हणू शकतोस. आधी हो म्हणून नंतर नाही म्हटलंस तरी चालेल. कुणी रागावणार नाही, आणि औषध चालूच राहील.” मुलीसाठी ‘शकतेस’ असलेले पान वेगळे छापा, तिरपी रेघ मारून दोन्ही रूपे एकत्र नकोत. मुलाला ‘चाचणी’ हा शब्दही नको, त्याला तो शाळेतल्या घटक चाचणीचा वाटतो, आणि पालकांना रक्ततपासणीचा.

तातडीच्या विभागातल्या पालकांसाठी: “तुमचं मूल आलं तेव्हा थांबायला वेळ नव्हता, म्हणून तुम्हाला न विचारता त्याला या अभ्यासातलं औषध दिलं. दोन्ही औषधं नेहमीच्या वापरातली आहेत. आता आम्ही सगळं सांगतो, तुम्ही हवं ते विचारा. पुढे अभ्यासात राहायचं का, हे तुम्ही ठरवायचं आहे.” यातले ‘तुम्हाला न विचारता’ हे तीन शब्द गाळण्याचा आग्रह होईल. ते गाळू नका.