निम्मेच चॅनेल का गेले?

प्रश्न : अ‍ॅनालॉग प्रक्षेपण बंद होणार म्हणून आम्ही वेळेत सेट-टॉप बॉक्स घेतला, छपरावर नवा अँटेना बसवून घेतला. पूर्वी मुंग्या यायच्या, पण सगळे चॅनेल दिसायचे. आता दिसतात ते लख्ख दिसतात, मात्र निम्मे गायब आहेत. त्यांच्या जागी ‘सिग्नल नाही’ एवढीच पाटी. बॉक्स बदलून आणला, तरी तेच. टेकडीपलीकडे राहणाऱ्या माझ्या मेहुण्यांकडे सगळं दिसतं. प्रक्षेपणवाल्यांना फोन केला तर ‘तुमचा भाग कव्हरेजमध्ये आहे’ म्हणतात. मग दोष कुणाचा?

उत्तर : बॉक्सला सोडून द्या, त्याचा काही गुन्हा नाही. तुमच्या पत्रातले दोन शब्द मी पेन्सिलीने अधोरेखित केले : ‘निम्मे’ आणि ‘टेकडी’.

अ‍ॅनालॉगच्या काळात एका चॅनेलला एक फ्रीक्वेन्सी लागायची. बिघडला तर तो एकटाच बिघडायचा. डिजिटलमध्ये तेवढ्याच जागेत अनेक चॅनेल एकत्र बांधून पाठवतात. त्या गठ्ठ्याला मल्टिप्लेक्स म्हणतात (सिनेमावाल्यांनी हे नाव आपलंसं केल्यामुळे आमची पंचाईत होते). एका टॉवरवरून असे बरेच गठ्ठे निघतात. प्रत्येकाची फ्रीक्वेन्सी वेगळी, पुष्कळदा ताकदही वेगळी. म्हणून डिजिटलमध्ये सहसा एक चॅनेल सुटा जात नाही, अख्खा गठ्ठा जातो. गेलेल्या चॅनेलांची यादी करा आणि बॉक्सच्या मेनूत प्रत्येकाची फ्रीक्वेन्सी किंवा मल्टिप्लेक्सचा क्रमांक सापडला तर तो पुढे लिहा. बॉक्समधून ते पुसले गेले असतील तर मेहुण्यांच्या बॉक्समध्ये बघा. वीस-पंचवीस नावं दोन-तीन क्रमांकांत बसतील, पैज लावते.

मी नोकरीची बहुतेक वर्षं एका रिले केंद्रावर काढली. मोठा टॉवर डोंगराआड जातो तिथल्या घरांसाठी उभारलेला धाकटा टॉवर म्हणजे रिले. त्याने थोरल्याचं ऐकायचं आणि हळू आवाजात पुढे सांगायचं. मेख अशी की थोरला जे जे बोलतो ते सगळं धाकटा सांगेलच असं नाही. ब्रिटनमध्ये ८० च्या आसपास मुख्य केंद्रांवरून सहाही गठ्ठे जातात, आणि हजाराहून जास्त लहान रिलेंवरून साधारणपणे तीनच. ते तीन सार्वजनिक सेवेचे. त्यांच्यावर जवळपास ९८.५ टक्के घरांपर्यंत पोचण्याचं बंधन होतं. व्यावसायिक गठ्ठ्यांवर तसं बंधन नव्हतं, ते ९० टक्क्यांच्या आसपास थांबले. थोड्याशा घरांच्या खोऱ्यासाठी आणखी तीन ट्रान्समीटर लावायचे, त्यांची वीज भरायची, देखभालीला माणूस पाठवायचा, हे जाहिरातीच्या पैशात बसत नाही. तुमच्या चॅनेलांचं भवितव्य बहुधा अशाच एखाद्या हिशेबाच्या वहीत ठरलेलं आहे.

तुमचा अँटेना बसवणाऱ्याने मीटर लावला असेल, जवळच्या रिलेकडे आकडा चढला असेल, आणि त्याने तिकडेच तोंड करून बोल्ट आवळले असतील. मीही तेच केलं असतं. खात्री करायची तर खाली अंगणात उभं राहून अँटेनाच्या काड्या बघा. ब्रिटनसारख्या ठिकाणी मुख्य केंद्रासाठी त्या सहसा आडव्या लावतात आणि बहुतेक रिलेंसाठी उभ्या. सगळीकडे हा नियम लागू नाही, पण मेहुण्यांच्या काड्या आडव्या आणि तुमच्या उभ्या असतील तर तुम्ही दोघं दोन वेगळ्या टॉवरांचं ऐकताय.

आता उपाय. माझ्या थोरल्या बहिणीकडे हेच झालं होतं. घर टेकडीच्या कुशीत, रिलेचे तीन गठ्ठे ठणठणीत. तिला हव्या असलेल्या मालिका मात्र उरलेल्या तीन गठ्ठ्यांत. मी छपरावर चढले, काड्या आडव्या केल्या, तोंड टेकडीच्या खांद्याकडे वळवलं, जिथे ती जरा उतरते तिथे. भाची खाली टीव्हीसमोर. बॉक्सच्या मेनूत सिग्नलचे दोन पट्टे असतात, एक ताकदीचा आणि एक दर्जाचा. ताकदीकडे बघू नकोस, दर्जाचा आकडा ओरडून सांग, असं तिला बजावलं होतं. खिडकीतून आवाज येत होता : “मावशी, चाळीस! मावशी, पंचावन्न! मावशी, गेलं!” अर्धा तास हेच चाललं. मग मी दिशेचा नाद सोडला आणि अख्खा खांबच पन्हाळीच्या बाजूला हातभर सरकवला. “सत्तर! मावशी, सत्तरवर थांबलंय!” हातभर म्हणजे किती, तर ६०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी अर्धा मीटर असते. टेकडीवरून, भिंतींवरून परतलेल्या लहरी मूळ लहरीत मिसळतात. एका जागी एकमेकींना उचलून धरतात, जरा बाजूला एकमेकींना मारतात. छपरावर या खाचा डोळ्यांना दिसत नाहीत, चाचपडतच शोधाव्या लागतात. उंच खांब घेण्याआधी हे करून बघा, फुकटचं काम आहे.

बहिणीला सहापैकी पाच गठ्ठे मिळाले. सहावा मिळाला नाही, अजूनही मिळत नाही. तुमच्याकडे पाचही मिळतील असं वचन देत नाही. टेकडी घराला अगदी चिकटून असेल तर मुख्य टॉवर विसरा आणि रिलेचे गठ्ठे सुखाने बघा. दोन्हीकडे तोंड करून दोन अँटेना लावायचे आणि साध्या जोडणीने एकाच केबलमध्ये कोंबायचे, हा सल्ला कुणी दिला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. अशाने दोन्ही बिघडतात. दोन अँटेना हवेच असतील तर मध्ये बदलण्याचा स्विच ठेवा.

प्रश्न : बूस्टर लावला तर गेलेले चॅनेल परत येतील का?

उत्तर : अँटेनापर्यंत काही पोचतच नसेल तर बूस्टर काय वाढवणार? तो सिग्नलबरोबर खरखरही वाढवतो, शिवाय थोडी स्वतःची घालतो. त्याचा खरा उपयोग केबलमध्ये होणारी गळती भरून काढायला. चांगल्या केबलमध्येही वरच्या फ्रीक्वेन्सींना १०० मीटरला २० डेसिबलच्या आसपास घट येते. म्हणजे छपरापासून टीव्हीपर्यंत २० मीटर केबल असेल तर अर्ध्याहून जास्त ताकद वाटेतच संपते. म्हणून बूस्टर लावायचाच तर वर, अँटेनाच्या गळ्याशी लावा. टीव्हीच्या मागे लावलेला बूस्टर म्हणजे खोलीत पोचेपर्यंत विटलेल्या सिग्नलवर केलेला खर्च. रिले अगदी जवळ असेल तर उलटंच होतं. बूस्टर तुडुंब भरतो आणि होते ते चॅनेलही जातात. असे दोन-तीन बूस्टर मी स्वतः काढून ठेवलेत, काढल्याबरोबर चित्र आलं.

आणि आधी केबल बघा. वरच्या टोकाची वीतभर केबल कापून साल सोला. आतली जाळी तांबूस चमकली तर ठीक. काळी पडली असेल, बोटाला ओल लागली, तर जोडावरच्या रबरातून पाणी आत गेलंय. ते जाळीच्या धाग्यांतून वातीसारखं झिरपत खाली उतरतं. एकदा एका बॉक्सच्या सॉकेटमधून थेंब पडताना मी पाहिलाय. अशा केबलला जगातला कुठलाही बूस्टर पुरणार नाही.

प्रश्न : थंडीत सगळे चॅनेल नीट दिसतात. झाडांना पालवी फुटली की एक गठ्ठा चौकोन चौकोन होऊन फुटायला लागतो. शिवाय मागच्या महिन्यात, हवा अगदी पडलेली असताना, बॉक्सने रात्री आपोआप स्कॅन केला आणि सकाळी भलत्याच भागाच्या बातम्या लागल्या. आमचे चॅनेल कुठे गेले?

उत्तर : पहिल्याचं उत्तर तुम्हीच दिलंय, झाड. पानात पाणी असतं, आणि पाऊस पडून पानं भिजली की आणखी. तुमचा तो गठ्ठा आधीच काठावर असणार. अ‍ॅनालॉगमध्ये सिग्नल कमी झाला की मुंग्या वाढायच्या, माणसं तशातही बातम्या ऐकायची. डिजिटलमध्ये काठापर्यंत चित्र सुंदर असतं आणि काठ ओलांडला की काहीच नसतं. म्हणून पालवी ही तुमच्या दृष्टीने आपत्ती ठरली. झाड तोडू नका, अँटेना त्याच्या बाजूला सरकवा.

दुसरा प्रकार हवेचा. वाऱ्याचा पत्ता नाही, हवेचा दाब चढलेला, जमिनीलगत गार आणि वर उबदार हवेचा थर, अशा वेळी लहरी त्या थराखालून वाकत फार दूरवर पोचतात. शेकडो किलोमीटरवरचा टॉवर तुमच्या छपरावर येऊन बोलतो, आणि तो तुमच्याच टॉवरची फ्रीक्वेन्सी वापरत असेल तर दोघांचं भांडण होतं. नेमका त्या रात्री बॉक्सने स्कॅन केला, जे ऐकू आलं ते लिहून घेतलं, तुमचे चॅनेल पुसून टाकले. अशा हवेत स्कॅन कधीच करू नये. हवा हलली, आकाश निवळलं की हाताने स्कॅन करा. आणि मेनूत जाऊन तो आपोआपचा स्कॅन आधी बंद करा.

प्रश्न : ‘९८ टक्के लोकांपर्यंत पोचलो’ असं छापून येतं. आम्ही त्या दोन टक्क्यांत का, हे कुणी ठरवलं?

उत्तर : संगणकाने. तुमच्या घरी येऊन कुणी मोजलेलं नाही. आमच्या खात्यातही तसंच चालायचं. नकाशा काढताना धरून चालतात की अँटेना जमिनीपासून १० मीटरवर आहे, छपराच्या वर, टॉवरकडे नीट तोंड करून. खिडकीत ठेवलेला अँटेना या हिशेबात नसतो. शिवाय नकाशाचे छोटे चौकोन पाडतात, आणि एखाद्या चौकोनातल्या ७० टक्के जागी सिग्नल पुरेसा येणार असेल तरी तो चौकोन ‘चालण्याजोगा’ म्हणून रंगवता येतो. ९५ टक्के असेल तर ‘चांगला’. नकाशावर तुमच्या घराला रंग आहे आणि टीव्हीला चित्र नाही, यात म्हणूनच नवल नाही. तुम्ही उरलेल्या तिसांत असाल. आणि ९८ टक्के हे लोकसंख्येचे असतात, जमिनीचे नव्हेत. लोक सपाटीवर दाटीने राहतात, म्हणून आकडा छान दिसतो.

भूमितीच काढायची तर टॉवर ३०० मीटर आणि छपरावरचा अँटेना १० मीटर, मध्ये काहीच नाही, असं धरलं की पृथ्वीच्या गोलाईमुळे मर्यादा ८४ किलोमीटरच्या आसपास येते. रिले ५० मीटरचा असेल तर ४२. मध्ये टेकडी आली की हा हिशेब कागदावरच राहतो.

नुसता रंग दाखवणाऱ्या नकाशावर विसंबू नका. तुमच्या पत्त्याला कुठल्या टॉवरचा कुठला गठ्ठा मिळायला हवा, असं सुटं सुटं विचारा. ‘कव्हरेज आहे का’ विचारलं तर ‘आहे’ हेच उत्तर येणार, कारण एक गठ्ठा आला तरी ते खरंच ठरतं. पहिल्या पत्रलेखकांना फोनवर मिळालेलं उत्तर याच जातीचं आहे.

प्रश्न : थांबलो तर कव्हरेज वाढेल का?

उत्तर : अ‍ॅनालॉग बंद होईपर्यंत थांबण्यात अर्थ होता. दोन्ही प्रक्षेपणं शेजारी शेजारी चालू असताना डिजिटलची ताकद मुद्दाम कमी ठेवायचे, जुन्याला त्रास नको म्हणून. जुनं बंद झालं की पुष्कळ ठिकाणी ती वाढवली. ते होऊन गेलं असेल तर फार आशा धरू नका, वारं उलट्या दिशेचं आहे. टीव्हीच्या वरच्या फ्रीक्वेन्सी मोबाइलकडे चालल्यात. युरोपीय संघात ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा २०२० च्या मध्यापर्यंत सोडायचा ठरला, तेव्हा गठ्ठ्यांना दाटीवाटीने खाली सरकावं लागलं. जर्मनीने मार्च २०१७ पासून टप्प्याटप्प्याने नवी पद्धत आणली आणि त्या त्या भागातले जुने बॉक्स निरुपयोगी झाले. स्वित्झर्लंडच्या सार्वजनिक प्रसारकाने जून २०१९ मध्ये टॉवरवरचं प्रक्षेपण थांबवलंच.

जिथे टॉवर पोचत नाही तिथे सरकारं बहुधा उपग्रहाकडे बोट दाखवतात. ऑस्ट्रेलियाने टॉवरचा सिग्नल न पोचणाऱ्या घरांसाठी वेगळी उपग्रह सेवा चालवली. जपानने २०११ मध्ये अ‍ॅनालॉग बंद करताना अवघड भागांसाठी काही वर्षांपुरता तसाच बंदोबस्त केला. डिशला टेकडीची फारशी अडचण नसते, तिला आकाशाचा एक मोकळा तुकडा लागतो, बस्स.

प्रश्न : मग छपरावरचा अँटेना काढून टाकू का?

उत्तर : नको. डिश लावा, अँटेना राहू द्या. जोरदार पावसात डिशचं चित्र जातं, तेव्हा रिलेचे तीन गठ्ठे कामी येतात. फक्त वरच्या जोडाला पुन्हा रबर गुंडाळा, आणि चढताना शिडी धरायला खाली कुणाला तरी उभं करा. आमच्या भाचीने टीव्हीसमोर धावताना ती सोडली होती.