तुझं नाव मुक्ता का?

प्रिय मुक्ता,

आजी फोनवर तुला ‘मुक्ताई’ म्हणते. परवा तू विचारलंस, “मी कुणाची आई नाही, मग आजी मला आई का म्हणते? आणि माझ्या नावाचा अर्थ काय?” घाईघाईत उत्तर द्यायचं नव्हतं, म्हणून लिहितेय.

आपल्याकडे आई फक्त नात्यातली नसते. ज्याच्यावर जीव जडतो, ज्याचा आधार वाटतो, त्याला मराठी माणूस आई करून टाकतो. विठोबाची विठाई झाली, ज्ञानेश्वरांना तर सगळे माउलीच म्हणतात. तू जेवताना हट्ट करतेस तेव्हा मीही म्हणतेच की, “जेव गं माझे आई!”

आता अर्थ. मुक्ता म्हणजे मोती. बंधनातून सुटलेली, असाही अर्थ होतो. वर्गात कुणी विचारलं तर दोन्ही सांग. पण तुझं नाव ठेवताना माझ्या मनात मोती नव्हता, संत मुक्ताबाई होती.

निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि सगळ्यांत धाकटी मुक्ता. तिचा जन्म 1279 सालचा मानतात. वडील संन्यास सोडून पुन्हा संसारात आले, म्हणून लोकांनी या कुटुंबाला वाळीत टाकलं. पुढे आईवडीलही राहिले नाहीत. अशी कथा आहे, की एकदा कुणाच्या तरी टोचून बोलण्याने ज्ञानेश्वर इतके दुखावले, की झोपडीची ताटी लावून आत बसून राहिले. ताटी म्हणजे कामट्यांचं साधं दार. बाहेर उभी राहून मुक्ता त्यांची समजूत घालते, ‘ताटी उघडा ज्ञानेश्वरा’ असं पुन्हा पुन्हा आळवते. मला फार आवडतं ते तिचं एक बोलणं: आपलीच जीभ आपल्या दाताखाली आली, म्हणून कुणी बत्तिशी पाडून टाकतं का? ज्यांनी दुखवलं तेही आपलेच, असं ती दादाला सांगते. एवढी लहान मुलगी, आणि एवढ्या ज्ञानी भावाला हे ऐकवते! परंपरा म्हणते, की चांगदेवांसारख्या म्हाताऱ्या योग्यानेही पुढे तिलाच गुरू केलं.

1297 मध्ये, अठराएक वर्षांची असताना, ती गेली. जळगाव जिल्ह्यातल्या एदलाबादला आता तिच्या नावावरून मुक्ताईनगर म्हणतात. तिथून दर आषाढीला तिची पालखी पंढरपूरला निघते. पांढऱ्या मिशांचे वारकरी या मुलीला ‘आई मुक्ताई’ म्हणतात. तेव्हा आजीचं काही चुकत नाही बरं का.

आणखी एक मुक्ता तुला माहीत हवीच. मुक्ता साळवे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातल्या शाळेत ती शिकली. ज्या मांग समाजात ती जन्मली, त्याला तेव्हा अस्पृश्य मानत. त्या मुलांनी शाळेत जाणं हेच लोकांना खपत नव्हतं. 1855 साली, चौदा वर्षांची असताना, तिने मांगमहारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. ती थेट देवालाच विचारते, आमचा धर्म कोणता ते आम्हाला कळव. आपल्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्परही नसतं, थंडीपावसात त्यांचे किती हाल होत असतील, असंही लिहिते. वयाने तुझ्याहून थोडीशीच मोठी होती ती. मला ती मुक्ताबाईच्या शेजारीच उभी दिसते. दोघींनीही मोठ्यांसमोर मान खाली घातली नाही, आणि दोघींचं बोलणं दुसऱ्याच्या दुःखातून आलेलं आहे.

हा निबंध लहानसा आहे. सुट्टी लागली की आपण दोघी मिळून मोठ्याने वाचू. मराठी जुन्या वळणाचं आहे, अडेल तिथे मला विचार.

तुझी,
आई