ब्रेक्झिटसारख्या, म्हणजे ब्रिटनने युरोपीय संघ सोडण्यासारख्या, निर्णयावर दुसऱ्यांदा सार्वमत घेणं म्हणजे पहिल्या कौलाचा अपमान नाही का?

नाही, दुसरं सार्वमत वैध असू शकतं, पण मधल्या काळात लोकांसमोरचा प्रस्ताव खरोखर बदललेला असेल तरच. आपल्या ठाण्यात नौपाड्यातल्या जुन्या सोसायट्यांचं बघा. पुनर्विकासाला सभेत होकार मिळतो, पण कार्पेट किती, भाडं किती, ताबा कधी हे बिल्डरने कागदावर दिलं की सभा पुन्हा बसतेच, आणि त्याला कोणी दगाबाजी म्हणत नाही. डेन्मार्कने १९९२ मध्ये युरोपीय संघ स्थापन करणारा मास्ट्रिख्ट करार ५०.७ टक्के मतांनी फेटाळला. मग समान चलन, संरक्षण अशा चार बाबतींत सवलती मिळवल्या आणि १९९३ मध्ये ५६.७ टक्क्यांनी तो स्वीकारला. आयर्लंडनेही युरोपीय संघाच्या नीस आणि लिस्बन या दोन्ही करारांवर दोनदा मतदान घेतलं. ब्रिटनमध्ये २०१६ साली ५१.९ टक्के लोकांनी बाहेर पडायचं ठरवलं तेव्हा मतपत्रिकेवर राहायचं की निघायचं, एवढंच होतं; आयर्लंडच्या सीमेचं काय, जकातीचं काय, याचा त्यावर शब्दही नव्हता. म्हणून २०१८ मध्ये प्रत्यक्ष करार हाती आल्यावर त्यावर पुन्हा कौल मागणं मला पूर्ण रास्त वाटतं. मात्र तोच प्रश्न, त्याच अटींवर, सरकारला हवं ते उत्तर मिळेपर्यंत विचारत राहणं ही लोकांची फसवणूकच. शिवाय पहिल्यांदा जिंकलेला पर्याय दुसऱ्या मतपत्रिकेवर स्पष्ट शब्दांत असायलाच हवा, नाहीतर हरलेल्यांची सोय एवढाच त्याचा अर्थ उरतो.