पॅरिसचं नगरभवन पाहायला निघताय?

ओतेल द व्हिल म्हटलं की राहायचं हॉटेल डोळ्यांपुढे आणू नका. ओतेल म्हणजे इथे वाडा. अन् समोर दिसतो तो १६व्या शतकातला वाडा नव्हे, हे आधी मनात पक्कं करा. नवखे इथेच फसतात. इतिहास सुरू होतो १३५७मध्ये, व्यापाऱ्यांचा प्रमुख एत्येन मार्सेल यानं शहरासाठी इथलं खांबांचं घर घेतलं तेव्हा. राजा पहिला फ्रान्स्वा याच्या काळात, १५३३मध्ये नवा वाडा ठरला, पुरा झाला १६२८ला! मे १८७१मध्ये, कम्यूनच्या, म्हणजे पॅरिसमधल्या बंडखोर राजवटीच्या, शेवटच्या दिवसांत, तो जळाला. शहराची जन्म-मृत्यूची दफ्तरंही गेली. मला हे नुकसान इमारतीहून मोठं वाटतं. बालू आणि देपेर्थ या वास्तुविशारदांनी १८८२पर्यंत तो पुन्हा उभारला. बाहेरून जुन्याच धर्तीवर, आतून १९व्या शतकाच्या थाटात.

घाई करू नका. आधी चौकात उभे राहून उभट, उतरती छपरं आणि कोनाड्यांतले पुतळे निवांत न्याहाळा. मग सेन नदीच्या बाजूला वळा. तिथे घोड्यावरचा ब्राँझचा मार्सेल भेटेल. चौकाचं जुनं नाव ग्रेव्ह, म्हणजे नदीकाठची वाळू. कामाच्या शोधातले मजूर इथेच जमत. फ्रेंचमध्ये संपाला ग्रेव्ह म्हणतात ते त्यावरूनच.