न जुळणारा आकडा

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. विद्यापीठाच्या गणित विभागात पीएच.डी.साठी प्रवेश मिळाला, मार्गदर्शकांनी अरेषीय तरंगांचा, म्हणजे ज्यांचा वेग त्यांच्या उंचीवर अवलंबून असतो अशा लाटांचा, विषय सुचवला, आणि आता ‘या विषयात नवे काय उरले असेल?’ या विचाराने धास्तावले आहे, असे तू लिहितेस. नवे काय उरले आहे हे पहिल्या वर्षी कोणालाच कळत नसते, मार्गदर्शकांनाही ते अंदाजानेच ठाऊक असते; म्हणून तो प्रश्न तूर्त बाजूला ठेव. गणित करून आलेले उत्तर आणि आपली अपेक्षा यांचा मेळ बसत नाही तेव्हा काय करायचे, एवढ्याच गोष्टीविषयी मी आज लिहितो, कारण तुझी पुढची वर्षे बहुतांशी त्यातच जाणार आहेत.

तुझ्या विषयाचा जन्मच अशा विसंगतीतून झाला. १८३४ साली एडिंबराजवळच्या युनियन कालव्यात घोड्यांनी ओढलेली एक नाव अचानक थांबली. नावेपुढचा पाण्याचा उंचवटा मात्र थांबला नाही. तो आकार न बदलता पुढे जात राहिला आणि जॉन स्कॉट रसेल या अभियंत्याने घोड्यावरून मैल-दीड मैल त्याचा पाठलाग केला. पुढे त्याने हौद बांधून प्रयोग केले आणि पाण्याची खोली व लाटेची उंची यांच्या बेरजेला गुरुत्वत्वरणाने गुणून वर्गमूळ काढले की लाटेचा वेग मिळतो, हे दाखवले. उथळ पाण्याचा तेव्हाचा सिद्धांत मात्र सांगत होता की अशा लाटेचा पुढचा भाग चढा होत जाऊन तिचा आकार बिघडलाच पाहिजे, आणि एअरीसारख्या मोठ्या गणितज्ञाने रसेलचा दावा मान्य केला नाही. सिद्धांतातले गणित बरोबर होते. त्यात अपस्करणाचे (वेगवेगळ्या लांबीच्या लाटा वेगवेगळ्या वेगाने जातात, त्याचे) पद लहान म्हणून सोडून दिले होते, इतकेच. अरेषीय पद लाटेला चढी करते, अपस्करण तिला पसरवते, आणि दोघांची ओढ सारखी झाली की उंचवटा टिकतो. १८९५ साली कोर्तेवेग आणि त्यांचा विद्यार्थी द व्रीस यांनी हे ज्या समीकरणात मांडले त्याला त्या दोघांचे नाव मिळाले. वास्तविक ते समीकरण बूसिनेस्कच्या १८७७च्या ग्रंथात येऊन गेले होते. (जुने वाङ्मय चाळण्याचा कंटाळा करू नकोस, असे मी म्हणतो ते यासाठी. आणि द व्रीस पुढे शाळेत शिक्षक झाला, हेही तुला सांगावेसे वाटते.)

दुसरी विसंगती यंत्रावर सापडली. अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेच्या मॅनिअॅक संगणकावर फर्मी, पास्ता आणि उलाम यांनी किंचित अरेषीय स्प्रिंगांनी जोडलेल्या कणांची साखळी हलवून पाहिली. सगळी ऊर्जा सर्वांत सोप्या कंपनाला द्यायची आणि ती हळूहळू सर्व कंपनांत सारखी वाटली जाते का ते पाहायचे, असा बेत होता. ऊर्जा थोड्याशा कंपनांत फिरली आणि काही टक्क्यांचा फरक सोडता पुन्हा पहिल्या कंपनात परत आली. १९५५च्या अहवालात त्यांनी हे न लपवता, न सावरता लिहिले. दहा वर्षांनी झाबुस्की आणि क्रुस्कल यांनी तीच साखळी अखंड माध्यमासारखी धरून पाहिली, तेव्हा समोर कोर्तेवेग-द व्रीस समीकरण उभे राहिले, आणि एकमेकांतून पार होऊनही आकार शाबूत ठेवणाऱ्या लाटांना त्यांनी सॉलिटॉन हे नाव दिले. तो प्रोग्राम मेरी त्सिंगू यांनी लिहिला होता. अहवालात त्यांच्या वाट्याला आभाराची एक ओळ आली आणि प्रश्नाला तीन पुरुषांची आद्याक्षरे (एफपीयू) चिकटली. आता बरेच जण त्यांचेही आद्याक्षर जोडतात. आपल्या निबंधावर कोणाची नावे जाणार, हे काम सुरू होण्यापूर्वीच बोलून घे.

आता माझी फजिती. संशोधनाच्या दुसऱ्या वर्षी मी हेच कोर्तेवेग-द व्रीस समीकरण फोरट्रान या संगणकभाषेत सोडवत होतो. एकच सॉलिटॉन, उंची २, वेग ४. लाट पुढे सरकत होती, पण तिची उंची हळूहळू घटत होती. मला वाटले, आपल्याला काहीतरी गवसले. ऊर्जा कोठे गळते यावर मी चांगली तीन पाने लिहून मार्गदर्शकांपुढे ठेवली. त्यांनी ती वाचलीच नाहीत, फक्त विचारले, “समीकरणात घर्षणाचे पद कुठे आहे? आणि जाळीचे अंतर निम्मे केलेस का?” जाळीचे अंतर, म्हणजे संगणक ज्या बिंदूंवर लाट मोजतो त्यांच्यामधले अंतर, निम्मे केले तेव्हा घटही जवळजवळ निम्मी झाली. म्हणजे ती घट निसर्गाची नव्हती, मी वापरलेल्या पहिल्या कोटीच्या (जिची चूक अंतराच्या प्रमाणात घटते अशा) पद्धतीची होती. घर्षण समीकरणात नव्हते, माझ्या प्रोग्रामात होते.

न जुळणारा आकडा शोध असतो किंवा चूक असते, आणि पहिल्या दिवशी दोन्ही अगदी सारखे दिसतात. म्हणून मोठ्या प्रश्नाला हात घालण्याआधी एक काम कर. ज्या रूपात अरेषीय पदाचा गुणक ६ असतो ते समीकरण घे आणि आरंभीची लाट हायपरबोलिक सेकंटच्या वर्गाची सहापट धर. ती फुटून दोन सॉलिटॉन निघायला हवेत, एक ८ उंचीचा आणि दुसरा २ उंचीचा. आरंभीच्या लाटेखालचे क्षेत्रफळ १२ येते. नंतर मोठ्याचे ८ आणि लहानाचे ४. लाटेच्या वर्गाचे संकलन ४८ आहे ते ४८च राहायला हवे. हे आकडे आधी हाताने काढ, कागदावर, आणि मगच संगणकाला विचार. साधी व्यक्त पद्धत (पुढच्या क्षणाची किंमत आधीच्या क्षणाच्या किमतींवरून थेट काढणारी) वापरलीस तर तिसऱ्या अवकलजामुळे कालाची पायरी अंतराच्या घनाच्या प्रमाणात लहान ठेवावी लागेल: अंतर निम्मे केले की पायरी आठपट लहान आणि एकूण काम सोळापट. तुझा लॅपटॉप तापेल, रात्र जाईल, पण ही चाचणी टाळू नकोस. जाळी बारीक करूनही, पद्धत बदलूनही आकडा जिथल्या तिथे राहिला, तर मात्र तो तारखेसह वहीत लिही आणि कारण सापडत नाही म्हणून खोडू नकोस.

निबंधांच्या संख्येची काळजी तू पत्रात दोनदा केली आहेस. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या विनियमांनुसार प्रबंध सादर करण्यापूर्वी निबंध प्रसिद्ध असण्याची सक्ती राहिलेली नाही, मुदतही सहा वर्षांपर्यंत आहे. तुझ्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम काय आहे ते कार्यालयातून लेखी घे. पैसे घेऊन आठ दिवसांत छापणाऱ्या नियतकालिकांपासून दूर राहा, एवढे बोलून तो विषय मी संपवतो.

भौतिकशास्त्र विभागाच्या चर्चासत्राला जात जा. पहिले सहा महिने निम्मे डोक्यावरून जाईल. तिथले लोक समीकरणातले कोणते पद का सोडतात, इकडे कान ठेव; कारण कालव्यातली लाट ज्या पदामुळे टिकली होती, तेच पद सिद्धांताने सोडले होते.

दिवाळीला येशील तेव्हा त्या १२ आणि ४८च्या पडताळ्याचा तक्ता घेऊन ये, अंतराच्या किमान तीन किमतींसाठी. आलेख नकोत, आकडेच आण.

तुझा,
सर