एजंट म्हणतो ‘लिंक झालं’, पण बाण कुठंय?

प्रश्न : मी भोसरीत स्पेशल पर्पज मशीन बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत ऑटोमेशनचं काम बघतो. कंट्रोलर बेकहॉफचा, सॉफ्टवेअर ट्विनकॅट ३. नव्या मशीनला २८० आयओ, म्हणजे इनपुट-आउटपुट आहेत, प्रोग्राममधलं एकेक व्हेरिएबल माउसने टर्मिनलच्या (जिथे सेन्सरच्या वायरी येतात त्या मॉड्यूलच्या) चॅनलला जोडायचं म्हणजे दोन दिवस जातात, म्हणून यावेळी एआय एजंटला हे काम दिलं. पाच मिनिटांत म्हणाला सगळ्या लिंक झाल्या. प्रोजेक्टच्या ट्रीमध्ये बघतो तर निम्म्या व्हेरिएबलना लिंक झाल्याची खूण असलेला बाणच नाही, एररही कुठे नाही. काय चुकलं? आणि हे काम एजंटवर सोडायचं का?
— एक वाचक, भोसरी

उत्तर : आधी एक गोष्ट क्लिअर करू. एजंट स्वतः ट्विनकॅटला हात लावत नाही, तो एका टूलला सांगतो आणि ते टूल ट्विनकॅटच्या ऑटोमेशन इंटरफेसमधलं (बाहेरच्या प्रोग्रामने ट्विनकॅट चालवायची सोय) ‘लिंकव्हेरिएबल्स’ हे फंक्शन कॉल करतं. (असं टूल बऱ्याचदा एमसीपीवर, म्हणजे एआयला बाहेरच्या टूलशी जोडणाऱ्या प्रोटोकॉलवर बनवलेलं असतं, अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये तो खुला केला.) या फंक्शनला दोन पत्ते द्यायचे असतात, पीएलसीकडचा (मशीन चालवणाऱ्या प्रोग्रामकडचा) ‘टीआयपीसी’ने सुरू होणारा आणि आयओकडचा ‘टीआयआयडी’ने सुरू होणारा. पत्त्यात एक स्पेस जरी इकडची तिकडे झाली तरी ते नोड सापडत नाही आणि फंक्शन एरर परत देतं. ती एरर तुमच्या टूलने गिळली असणार आणि एजंटला वाटलं काम झालं. तेव्हा टूल ज्याने बनवलंय त्याला सांगा की प्रत्येक लिंकचा रिझल्ट वेगळा परत दे, २८० पैकी किती झाल्या आणि कुठल्या नाही झाल्या ते नावानिशी दिसलंच पाहिजे.

आता पत्ते का चुकले असतील. माझा पहिला संशय बिल्डवर आहे. व्हेरिएबल ‘एटी %आय*’ (इनपुट) किंवा ‘एटी %क्यू*’ (आउटपुट) लावून डिक्लेअर केलं तरी प्रोजेक्ट बिल्ड होईपर्यंत ते पीएलसी इन्स्टन्सखाली ‘पीएलसीटास्क इनपुट्स’मध्ये येतच नाही, आणि एजंट कोड लिहून झाला की लगेच लिंक करायला धावतो, मग जुनी निम्मी सापडतात आणि नवी निम्मी नाही. दुसरा संशय नावांवर. टर्मिनलचं नाव त्याने अंदाजाने लिहिलं असेल. इंग्लिश ट्विनकॅटमध्ये स्कॅन केलं तर ‘टर्म २’ येतं, जर्मनमध्ये ‘क्लेमे २’, आणि तुमच्या माणसाने मध्येच नाव बदलून ‘क्लॅम्प इनपुट’ केलं असेल तर तेही वेगळंच. म्हणून नियम एकच ठेवा, एजंटने पत्ता रचायचा नाही, आधी ट्री वाचायची, तिच्यातला जसाच्या तसा उचलायचा.

हे झालं दुरुस्तीचं. पण खरा धोका मला त्या निम्म्या लिंकमध्ये दिसतोय ज्या झाल्या आणि ज्यांना बाण आहे. बूल (फक्त ट्रू किंवा फॉल्स असणारं) व्हेरिएबल कुठल्याही बूल चॅनलला जोडा, ट्विनकॅट काही म्हणणार नाही, बिल्ड होईल, ॲक्टिव्हेट होईल. वायर कुठली कुठे गेलीय हे सॉफ्टवेअरला माहीतच नसतं ना.

मी स्वतः एका प्लांटवर हे बघितलंय. क्लॅम्पच्या सिलेंडरला दोन रीड स्विच (चुंबक जवळ आला की चालू होणारे), एक उघड्या बाजूला एक बंद बाजूला. वायरमनने पॅनेलमध्ये दोन वायरी बदलल्या आणि ड्रॉइंगवर लाल पेनने खूण केली, पण एक्सेलमधली आयओ लिस्ट कोणी बदलली नाही. एजंटने एक्सेलप्रमाणे अगदी बरोबर लिंक केल्या. आम्ही हवा बंद करून, हाताने लोहचुंबक बंद बाजूच्या स्विचला लावला, ईएल१००८ या इनपुट टर्मिनलवरचा तिसरा एलईडी पेटला आणि स्क्रीनवर ‘क्लॅम्प उघडा’ ट्रू झालं. तसंच ऑटोला टाकलं असतं तर क्लॅम्प मिटलेला असताना लोडिंगचा हात आत गेला असता. मला अजून तो तिसरा एलईडी डोळ्यासमोर दिसतो.

म्हणून माझं उत्तर असं, लिंक करायचं काम द्या, बिनधास्त द्या, दोन दिवस माउस घासण्यात काही अर्थ नाही. पण यादी फायनल ड्रॉइंगवरून, पॅनेलसमोर उभं राहून तपासलेली द्या. सुरू करण्याआधी आणि झाल्यावर मॅपिंगची, म्हणजे सगळ्या लिंकची, एक्सएमएल एक्स्पोर्ट करून ठेवा, दोन्ही फाइल शेजारी ठेवल्या की एजंटने काय बदललं ते ओळीओळीने दिसतं, आणि बिघडलं तर जुनी परत इम्पोर्ट करता येते. कॉन्फिगरेशन ॲक्टिव्हेट करायचा अधिकार टूलला अजिबात देऊ नका, त्यात रनटाइम रीस्टार्ट होतो आणि चालू मशीनचे आउटपुट पडतात, ते बटण माणसानेच दाबायचं, मशीनजवळ कोण उभंय ते बघून. सेफ्टीच्या, म्हणजे ट्विनसेफच्या (बेकहॉफच्या सेफ्टी सिस्टिमच्या) लिंकना तर एजंटचं बोटही लागू देऊ नका. आणि लूप चेक, म्हणजे प्रत्येक सिग्नल सेन्सरपासून स्क्रीनपर्यंत बरोबर येतोय का ते बघणं, २८० च्या २८० करा, एक जण सेन्सरजवळ, एक जण स्क्रीनसमोर.

अजून एक, हे बरेच जण विसरतात : टर्मिनलचं ‘डब्ल्यूसीस्टेट’ (डेटा ताजा आहे का ते सांगणारा सिग्नल) पण लिंक करून घ्या. शून्य असेल तर डेटा ताजा, एक झालं तर टर्मिनलशी बोलणं तुटलंय आणि इनपुटची जी किंमत दिसतेय ती शिळी आहे. एजंटला सांगितलं नाही तर तो हे स्वतःहून करणार नाही.

प्रश्न : मी डिप्लोमाला आहे, घरी हार्डवेअर काहीच नाही. हे लिंकिंग शिकता येईल का?
— एक विद्यार्थी, इचलकरंजी

उत्तर : येईल की. ट्विनकॅटचं इंजिनिअरिंग सॉफ्टवेअर फुकट डाउनलोड होतं, रनटाइमचं ट्रायल लायसन्स ७ दिवसांचं असतं आणि संपलं की पुन्हा घेता येतं. आयओमध्ये इथरकॅट (टर्मिनलना कंट्रोलरशी जोडणारं नेटवर्क) मास्टर, ईके११०० कपलर, त्याच्यामागे ईएल१००८ (८ इनपुट) आणि ईएल२००८ (८ आउटपुट) हाताने ॲड कर, स्कॅन करायची गरज नाही. पहिल्या १६ लिंक मात्र स्वतःच्या हाताने कर, एजंट नंतर. एखाद्या व्हेरिएबलचं नाव बदल, बिल्ड कर आणि त्याच्या लिंकचं काय झालं ते बघ.