मुलं मोठी झाली की उपासनेला यायला कंटाळतात. घरात ख्रिस्ती श्रद्धा कशी जोपासावी?

आधी घरची प्रार्थना छोटी करा. अर्धा तास मोठ्यांनीच बोलायचं आणि मुलांनी डोळे मिटून बसायचं, यात कंटाळा येणारच. रात्री जेवणानंतर दहा मिनिटं पुरतात: एक भजन, थोडा शास्त्रपाठ, शेवटी प्रभूची प्रार्थना (येशूने शिकवलेली). वाचन मुलांकडे द्या. बायबलमधल्या मार्ककृत शुभवर्तमानापासून (येशूच्या चरित्रापासून) सुरुवात करा. चारही शुभवर्तमानांत ते सर्वांत लहान, १६ अध्यायांचं, आणि घटना भराभर पुढे सरकतात.

भजनांच्या बाबतीत तर आपण मराठी ख्रिस्ती नशीबवान. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) अभंगाच्या चालीत ख्रिस्तभक्ती आणली. पेटी-तबल्यावर ती भजनं म्हणताना माझ्या पाहण्यात मुलं आपोआप सामील होतात. मोबाईलवरची इंग्रजी गाणीही चालतील, पण आजीला सोबत गाता येईल असं एखादं रोज असू द्या.

मंडळीत (चर्चमध्ये) मुलांना काम द्या. तबला, ध्वनिक्षेपक, शब्बाथशाळेतल्या (मुलांच्या बायबल वर्गातल्या) लहानग्यांची देखरेख, काहीही. नुसतं बाकावर बसवून ठेवलेला पंधरा वर्षांचा मुलगा घड्याळच बघणार! पाळकांशी (धर्मगुरूंशी) तुम्हीच बोला.

बाकीचं मुलं तुमच्याकडे बघून शिकतात. रागाच्या भरात बोललात तर त्यांच्याकडे क्षमा मागा. शेजारी आजारी असेल तर डबा घेऊन जाताना मुलाला सोबत न्या. ‘देव आहे कशावरून?’ असं विचारलं तर गप्प बसवू नका. थोमा या येशूच्या शिष्यानेही शंका घेतली होती आणि येशूने त्याला हाकलून दिलं नाही (योहान २०).